दगडाखालची कळलावी

फुलाचा फोटो पाठवून खाली ‘ओळख बघू’ असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. कोकणातल्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, सगळी नोकरी त्यातच गेली. झाड ओळखायचं म्हणजे फूल उलटं करून बघायचं, पान खोडाला कसं चिकटलंय ते बघायचं, चुरगळून वास घ्यायचा, ते कसल्या जमिनीत उभं आहे ते विचारायचं. नुसत्या रंगावरून झाड ओळखणं म्हणजे साडीवरून बाई ओळखणं. वर्गात हे मी इतक्या वेळा ऐकवलं की पुढे पुढे मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून हेच वाक्य यायचं.

तरी गेल्या ऑगस्टमध्ये मुलीनं अमेरिकेतून, टेक्सासमधल्या शुगर लँडहून पाठवलेला फोटो बघून मी रागवायचं विसरले. तिच्या घरामागे लाकडी कुंपण आहे, त्यापलीकडे गवताची पट्टी आणि मग पावसाचं पाणी वाहून नेणारा रुंद कालवा. त्या पट्टीत कुणी न लावता एक वेल उगवला होता आणि कुंपणावर चढला होता. फुलं डोळ्यांत भरतील अशी. सहा पाकळ्या, कडांना झालर, बुडाशी पिवळ्या, वर लालभडक, आणि सगळ्याच्या सगळ्या मागे उलटलेल्या.

मी बघताक्षणी ओळखलं होतं, पण सवय जात नाही. मी व्हिडिओ कॉल लावून पानाचं टोक दाखवायला सांगितलं. पान निमुळतं होत गेलं होतं आणि शेवटी त्याचंच वेटोळं होऊन त्यानं फळी घट्ट धरून ठेवली होती. मग फुलाच्या मधला स्त्रीकेसर दाखवायला सांगितला. तो मुळाशीच काटकोनात वळलेला होता.

“कळलावी,” मी म्हटलं.

“आई, ॲपनं पण सेम सांगितलं,” मागून जावई म्हणाला. “दोन सेकंदांत.”

“मग मला कशाला विचारलंत?”

“तुम्ही कन्फर्म केल्याशिवाय ही मानत नाही ना.”

तेवढ्यात फोनमध्ये आणखी एक चेहरा आला. माझ्या विहीणबाई, म्हणजे जावयाच्या आई. त्या सिंधुदुर्गातल्या, गावच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. मुलीला दिवस गेल्याचं कळलं तशा त्या जुलैतच तिकडे गेल्या होत्या. आमचं ठरलं होतं, आधीचे महिने त्यांनी सांभाळायचे, बाळंतपण मी करायचं. दोन विहिणी एका स्वयंपाकघरात एकाच वेळी नकोत, हे आम्ही दोघींनी एकमेकींना न बोलता कबूल केलं होतं.

“आमच्याकडे गौरीचे हात म्हणतात ह्याला,” त्या म्हणाल्या. “गौरीला लागतात. इथं तेरडा कुठला मिळायला? पण हे मिळालं बघा.”

त्या वर्षी शुगर लँडमधल्या त्या घरात गौरीच्या मुखवट्याभोवती कळलावीची फुलं लागली. मी फोनवरून तंबी दिली की फुलं हाताळल्यावर साबणानं हात धुवा, सगळं झाड विषारी आहे आणि कंद तर जीवच घेतो. “हो हो,” विहीणबाई म्हणाल्या. मला वाटलं, विषय संपला.

जानेवारीत मी पोचले तेव्हा विहीणबाई परत गेल्या होत्या. थंडीनं वेलाचा मागमूस राहिला नव्हता. हा वेल असाच असतो. पावसाळ्यात वर येतो, फुलतो, आणि नंतर जमिनीवरचं सगळं वाळून नाहीसं होतं. खाली कंद तेवढा झोपून राहतो. वर एक काडीसुद्धा दिसत नाही.

मुलगी घरूनच काम करायची, दिवसभर हेडफोन लावून बसलेली. संध्याकाळी मी तिला कालव्याकाठच्या वाटेवर फिरायला न्यायचे. एकदा मी एकटीच कुंपणाच्या मागच्या बाजूनं येत होते, तर फळीच्या बुडाशी एक पांढरा दगड दिसला. चांगला नारळापेक्षा मोठा, गुळगुळीत. मी थबकले, कारण तिथल्या जमिनीत दगड नाही. काळी, चिकट, भेगाळणारी माती, फूटभर खणा नाहीतर चार फूट, खडा लागणार नाही. मला वाटलं, कुणाच्या बागेतला असेल, पोरांनी टाकला असेल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं. दगडाविषयी विचार केला आणि त्याच्या खाली काय आहे ह्याचा केला नाही.

मार्च उजाडला. ओकच्या झाडांच्या परागांचा पिवळा धुरळा रस्त्याच्या कडेच्या गाड्यांवर साचायला लागला. डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख आली आणि गेली. मुलगी पाय सुजवून सोफ्यावर बसायची. जावई रोज ऑफिसमधून येताना काहीतरी घेऊन यायचा, कधी अननस, कधी तिखट चिप्स, कारण त्यानं कळा येतात असं नेटवर कुणीतरी लिहिलं होतं. मी वरून त्याला हसायचे आणि आतून घाबरलेली होते. ही माझी एकुलती एक, तीही आम्हाला उशिरा झालेली. मला रात्री झोप लागत नव्हती, पण कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण घरात धीर देण्याचं काम माझ्याकडे होतं.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. बाळाचे ठोके छान आहेत, म्हणाल्या, अजून थोडं थांबू, नाहीतर सोमवारी ॲडमिट करून कळा आणायचं औषध सुरू करू. हे मी विहीणबाईंना कळवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

“तुम्ही एकट्या आहात का?” त्यांनी विचारलं.

मी फोन घेऊन मागच्या अंगणात गेले.

“कुंपणापलीकडे पांढरा दगड आहे. दिसला असेल तुम्हाला.”

“दिसला.”

“त्याच्या खाली कळलावी आहे. मी वेल वाळायच्या आधी खूण करून ठेवली. कंद काढा, धुवा, आणि दोऱ्यानं तिच्या मांडीला बांधा. कळा येतील. बाळ झालं की त्या क्षणी सोडायचा, उशीर करायचा नाही. पोटात द्या असं मी म्हणत नाही.”

मी सुटलेच. उचलली जीभ लावली टाळ्याला, असंच ते होतं, पण तेव्हा मला ते शास्त्र वाटत होतं. मी म्हटलं, तुम्ही शिक्षिका ना? हे जुन्या वैद्यकातलं उपविष आहे, उपविष म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं का? ह्यात जे द्रव्य असतं ते मी प्रयोगशाळेत वापरलंय. कांद्याच्या मुळांची टोकं त्यात बुडवायची, की पेशींचं विभाजन जागच्या जागी थांबतं, मग ते सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना दाखवायचं. वाढ थांबवणारं विष ते, आणि ज्या पोरीच्या पोटात मूल वाढतंय तिच्या अंगाला बांधायला सांगता? त्याच द्रव्याचं औषध डॉक्टर सांधेदुखीच्या एका प्रकाराला देतात, पण ते तोलून मापून. बांधून कळा येतात ही समजूत आहे. विशल्या, गर्भपातिनी, संस्कृतात नावं भरपूर आहेत, पण नावानं विष उतरत नाही. तळपायाला लेप, बेंबीला लेप, विंचवावर लेप, सगळं मला पाठ आहे.

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाल्या, “बरं. बघा तुम्ही.” आणि फोन ठेवला.

मी तशीच आत गेले, भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले, कुंड्यांसाठी आणलेलं खुरपं घेतलं आणि फाटकातून मागे गेले. ते विष काढून कचऱ्यात टाकायचं, एवढंच डोक्यात होतं. उद्या मूल रांगायला लागेल, चालायला लागेल, आणि कुंपणामागे हे. दगड बाजूला लोटला आणि खणायला लागले. वीतभर खोलीवर खुरप्याला काहीतरी मऊसर लागलं.

फुलाशिवाय, पानाशिवाय, नुसत्या कंदावरून झाड ओळखायची वेळ माझ्यावर नोकरीत फार आली नाही. पण हा कंद चुकण्यासारखा नसतो. बोटाएवढ्या जाडीचे दोन फाटे, एका टोकाशी जुळलेले, नांगराच्या फाळासारखे. म्हणून तर ह्याला लांगली म्हणतात. वरून तपकिरी, नखानं जरा खरवडलं की आत पांढरा. दोन्ही फाट्यांच्या टोकांना पुढच्या पावसाळ्याचे कोंब तयार होते, दाण्याएवढे. मी तो झिपच्या पिशवीत घातला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. दगड होता तिथे परत सरकवला, खड्डा उघडा नको म्हणून.

कचऱ्यात टाकण्याआधी विहीणबाईंना सांगावं असं वाटलं. खरं सांगायचं तर त्यांना सांगून टाकण्यात मला समाधान मिळणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, मीच फोन लावला.

“काढला मी कंद,” मी म्हटलं. “आता टाकून देणार आहे.”

“मिळाला?” त्या म्हणाल्या. “तिथंच होता?”

“तिथंच होता.”

“दगडाखालीच?”

“हो, विहीणबाई, दगडाखालीच. कुठे जाणार तो?”

मग त्यांनी त्यांच्या ताईची गोष्ट सांगितली. घरात कुणाला नीटशी माहीत नव्हती, जावयालाही नाही.

त्या तेव्हा दहाएक वर्षांच्या. मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. वैशाख होता. गावाला गाडीरस्ता नव्हता, डॉक्टर खाडीपलीकडे, आणि ओहोटीला होडी चालायची नाही. ताई आदल्या दिवसापासून अडलेली. सुईण म्हणाली, कळलावी लागेल, माझ्याकडची संपली. वैशाखात वेल कुठला दिसायला. मग कुणाला तरी आठवलं की भाद्रपदात गौरीचे हात ह्या धाकटीनंच डोंगरावरून आणले होते. सुईणीनं पोरीचा हात धरला, दुसऱ्या हातात पहार घेतली, आणि दोघी डोंगरावर गेल्या.

“भाद्रपदात तिथं माझ्या खांद्याएवढं गवत होतं,” विहीणबाई म्हणाल्या. “ओहोळाला पाणी होतं. वैशाखात सगळा डोंगर एकसारखा, करपलेला, नुसता कातळ. सुईण म्हणे, आठव गो, कुठे तोडलंस. मी म्हणे इथे. ती खणायची. नाही. मी म्हणे, तिथे मग. तिथेही नाही. उन्हं कलेपर्यंत खणत होती ती. मला घरी यायचं होतं आणि जागा दाखवल्याशिवाय येता येत नव्हतं.”

मी खुर्ची ओढून बसले.

“आलो तर ताई गेली होती. बाळ पण. मला कुणी काही बोललं नाही हो. आई नाही, बाबा नाही, सुईण पण नाही. एक शब्द नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.”

तेव्हापासून दर पावसाळ्यात कुठंही कळलावी दिसली की त्या तिच्या बुडाशी दगड ठेवतात. परड्यात, शाळेच्या मागे, डोंगरावर. वेल वाळला तरी जागा हरवू नये म्हणून. आता गावात रस्ता आहे, अँब्युलन्स येते, बायका तालुक्याला बाळंत होतात. एकही दगड कधी कुणी उचललेला नाही.

माझ्या तोंडाशी आलं होतं, ते बोलूनही गेले. “विहीणबाई, कंद मिळाला असता तरी त्यांना वाचवता आलं नसतं. अडलेलं बाळंतपण मुळानं सुटत नाही.”

“ठाऊक आहे मला,” त्या म्हणाल्या. “मीही शाळेत शिकवलंय. ठाऊक असून काय होतं?”

मला त्यांचा राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही, आणि त्याच्या जागी जे आलं ते सहन होईना. मी विचारलं, “मी काय करू, सांगा. बांधणार नाही मी. ते माझ्याच्यानं होणार नाही.”

“नका बांधू. नुसता जवळ असू द्या. आणि बाळ झालं की आधी तो बाहेर न्या.”

मी हो म्हटलं. पण पोरीला अंधारात ठेवायचं नाही एवढं मी ठरवलं होतं, त्यामुळे दुपारी तिला सगळं सांगितलं, ताईसकट. ती आधी हसली, “आई, आर यू सिरियस? तू?” आणि मग हसायची थांबली. तिनं पोटावर हात ठेवला.

“बाबूला माहितीये हे?” तिनं विचारलं. बाबू म्हणजे तिचा नवरा.

“नाही.”

“मी सांगते त्याला. तू घे बरोबर. फक्त नीट सील कर, हॉस्पिटलमध्ये बाहेर काढू नकोस, आणि मला दाखवू पण नकोस.”

मी तो दुहेरी पिशवीतला कंद फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घातला. गावाहून त्यातून लसणीची चटणी आणली होती. झाकणावर चिकटपट्टी गुंडाळली आणि डबा पर्सच्या तळाशी ठेवला. जन्मभर मुलांना ह्या झाडापासून लांब राहा म्हणून सांगितलं, आणि आता तेच बगलेत घेऊन मुलीच्या बाळंतपणाला निघाले होते.

सोमवारी संध्याकाळी ॲडमिट केलं. हाताला सलाईन लावून औषध सुरू झालं. कळा आल्या, वाढल्या, मग तिथल्या तिथेच राहिल्या. मी तिची पाठ चोळत होते, जावई पाणी देत होता. सकाळी आठच्या सुमाराला यंत्रावरचे बाळाचे ठोके एकदम मंदावले. परिचारिकेनं तिला कुशीवर वळवलं, आणखी एक आली, मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पडदा बघितला आणि शांतपणे म्हणाल्या की आता थांबायचं नाही, सिझेरियन करतोय. दोन मिनिटांत पलंगाची चाकं फिरली. थिएटरमध्ये एकालाच जाता येतं, जावई गेला. पोरगी जाताना माझ्याकडे बघत होती आणि मी हसत होते, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मग त्या बाहेरच्या खोलीत मी आणि माझी पर्स. समोर टीव्ही चालू होता, आवाज बंद. मी डबा पर्सच्या बाहेरूनच दोन्ही हातांनी धरून बसले. देवाचं नाव आठवेना. मला त्या डोंगरावरची पोर दिसत होती, इथे म्हणणारी, तिथे म्हणणारी. मला पहिल्यांदा कळलं की तिला त्या दिवशी काय वाटलं असेल. आपल्या माणसाचा जीव बंद दाराआड अडकलाय, आणि आपल्याला एकच काम दिलंय, आणि ते काम तरी हातून नीट व्हावं. मी त्या खोलीत घाबरले तशी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

जावई आला तेव्हा त्याच्या डोक्यावर कागदी टोपी होती आणि डोळे लाल झालेले.

“आई, मुलगी झाली. दोघीही ओके आहेत. ही जागी आहे, बोलतेय. या ना, बघायला देताहेत.”

“आलेच,” मी म्हटलं आणि उलट्या दिशेनं लिफ्टकडे पळाले.

तो मागून ‘आई, इकडे’ म्हणत राहिला. मी थांबले नाही. लिफ्ट येईना म्हणून जिन्यानं उतरले, ह्या गुडघ्यांनी, आणि पार्किंगमध्ये गाडी सापडेपर्यंत, जावयानं आदल्या संध्याकाळी माझ्याकडे दिलेल्या किल्लीचं बटण दाबत फिरले. गाडीच्या डिकीत, स्पेअर टायरशेजारी डबा ठेवला, डिकी बंद केली आणि टेकून उभी राहिले. नातीचं तोंड बघायच्या आधी मी हे केलं. ज्यांना मी शिकवलं त्यांतल्या कुणी बघितलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

तिथंच फोन वाजला. तिकडे रात्रीची जेवणं उरकली असतील. मुलानं त्यांना मेसेज केला होता, थिएटरमध्ये नेतायत एवढाच.

“काढला का?” विहीणबाईंनी विचारलं.

“काढला. गाडीत ठेवून आले. बाळ झालं तशी लगेच.”

“लगेच?”

“लगेच. जिन्यानं आले.”

मग त्यांचा आवाज बदलला. आमच्याशी बोलताना त्या नेहमी शाळेतली मराठी बोलायच्या, शुद्ध, मोजकी. तेव्हा त्यांची घरची बोली आली.

“ती बरी आसा मां?”

“बरी आहे,” मी म्हटलं. “जागी आहे. बोलतेय.”

फोनमधून हुंदका ऐकू आला. मी त्यांना रडू दिलं आणि मीही रडले, त्या पार्किंगमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. कंद आणि बाळंतीण, एवढंच त्यांनी विचारलं होतं. मुलगा की मुलगी हे त्यांनी विचारलंच नाही, मीच सांगितलं.

चार दिवसांनी आम्ही घरी आलो. बाळ छान होतं, दूध ओढत होतं, डिंकाच्या लाडवांचा वास घरभर होता. कंदाचं काय करायचं ते मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, माझ्या मुलीच्या आसपास नको. जावई म्हणाला, कुंपणाच्या बाहेर आहे ना तो, आणि ती चालायला लागेपर्यंत वर्ष आहे, माझ्या आईला गौरीला फुलं लागतील. दोघांचं जरा वाजलं. शेवटी ठरलं की ह्या वर्षी परत पुरायचा, विहीणबाई येऊन गौरी करून जातील, आणि मग तो कायमचा काढायचा. त्याचं निमित्त काढून मी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कुंपणाच्या फळीवर टेकवून ठेवला.

मी हातमोजे घातले, खड्डा मोकळा केला, कंद आडवा ठेवला, कोंब मोडणार नाहीत असा, आणि वर माती ओढली. विहीणबाई बघत होत्या. मी दगडाकडे हात नेला, तर म्हणाल्या, “दगड नको.”

“मग खूण कशी राहणार?”

“नको आता खूण. उचला तो.”

मी दोन्ही हातांनी दगड उचलला आणि लगेच खाली ठेवला. त्या दिवशी मी तो नुसता लोटला होता, उचलला नव्हता. माझ्या अपेक्षेपेक्षा खूपच जड होता. कुठून आणला, असं विचारलं तर त्या ओशाळल्या. वसाहतीच्या स्विमिंग पूलपाशी शोभेचे दगड मांडलेत, त्यातला. पहाटे फिरायला म्हणून जायच्या, कापडी पिशवीत घालून आणला, दोनदा वाटेत टेकवून. मुलाला कळू दिलं नाही. तो पूल तिथून पाऊण मैलावर आहे. कंबरेचा पट्टा लावणारी ही बाई.

मी तो परत उचलला आणि पोटाशी धरून उभी राहिले. खालची माती नुकतीच ओढलेली, सपाट, तिथं काही आहे असं कुणाला वाटलं नसतं.

“तिथंच होता ना?” फोनमधून त्यांनी विचारलं. तिसऱ्यांदा विचारत होत्या.

“तिथंच होता,” मी म्हटलं. “तुम्ही जागा बरोबर सांगितलीत.”